शेवटच्या खेपेतली फुलदाणी

रविवारी सकाळी थोरली सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जेवणाच्या टेबलाकडे बघून जागच्या जागी उभी राहिली. टेबलावर फुलदाण्या होत्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या अठरा. सगळ्या बिनरंगी, आरपार दिसणाऱ्या काचेच्या. काही सुरईसारख्या उंच, काही पोट सुटलेल्या, एक तर इतकी बारीक की तिच्यात पेन्सिलसुद्धा अवघडून उभी राहावी. खुर्च्यांवर आणखी सहा होत्या, आणि माळ्याला लावलेली शिडी अजून तशीच होती.

"हे कुणी काढलं?" तिने विचारलं. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. या घरात शिडीवर चढायची हौस एकाच माणसाला, आणि ते माणूस दोन वर्षांपूर्वी धाकट्याशी लग्न करून आलं होतं.

"मी!" माळ्यातून धाकटीचं तोंड बाहेर आलं. केसांना जळमटं, नाकाला काळं. "ताई, एवढी टोपली धरता का? बाकीच्या मागे आहेत."

"बाकीच्या? म्हणजे अजून आहेत?"

"तीसेक तरी असतील. काय खजिना दडवून ठेवलाय हो तुम्ही लोकांनी! मी दिवसभर लोकांच्या दुकानांच्या शोकेस सजवते, भाड्याने फुलदाण्या आणते, आणि आपल्याच माळ्यावर हे!"

थोरलीने टोपली धरली. धरणार नाही तर काय करणार? पण तिचा चेहरा उतरला होता. "चार वाजता पॅकर येणार आहे. घर आवरायचं सोडून तू घराचं दुकान मांडलंयस."

"तो येणार म्हणून तर! बाबांचं काम बाबांच्याच घरात दिसायला नको?"

थोरलीकडे उत्तर होतं, पण ते तोंडाबाहेर काढण्यातलं नव्हतं.

बाबांनी अडतीस वर्षं काच फुंकली. कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचा एक शिरस्ता होता: फुलदाण्यांची प्रत्येक खेप भट्टीतून निघाली की तिच्यातला एक नग घरी यायचा. आत तारखेची चिठ्ठी टाकायची आणि खिडकीत ठेवायचा. 'ज्याच्या स्वतःच्या घरात आपलं काम नाही, त्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात का मारावं?' असं ते म्हणायचे. खिडक्या भरल्या, कपाटं भरली, पाहुण्यांना कोपर हलवायची चोरी झाली, तरी शिरस्ता मोडला नाही. मग नऊ वर्षांपूर्वी एका हॉटेलासाठी चाळीस फुलदाण्यांची खेप गेली, आणि आठवड्याभरात एकेक करून तडकली. टेबलावर, पाणी घालून ठेवलेली, कुणी हात न लावता. हॉटेलने तुकडेही परत पाठवले नाहीत, नुसता निरोप पाठवला. बाबांनी निरोप ऐकला, आपल्या तळहातांकडे बघितलं आणि म्हणाले, "हात गेला माझा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ होत असणार." दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत. घरातल्या सगळ्या फुलदाण्याही माळ्यावर गेल्या. नजरेसमोर नकोत म्हणाले.

बाबांचा हात गेलेला नव्हता, हे या घरात दोनच माणसांना माहीत होतं. एक थोरला, कारण ती चूक त्याची होती. दुसरी ही त्याची बायको, कारण वर्षभराने एका दुपारी त्याने तिच्यापाशी सगळं ओकून टाकलं होतं. तेव्हा तीच म्हणाली होती, "आता बोलून काय होणार? झाकली मूठ राहू दे." मूठ राहिली झाकलेली. पण आज चार वाजता तो पॅकर येणार होता. एके काळी बाबांच्या फुलदाण्या पेंढ्यात गुंडाळायचं काम करणारा, आणि आता तोच कारखाना विकत घेतलेला. मालक झाला तरी घरात त्याचं नाव पॅकरच राहिलं होतं. त्याने पाच शिकाऊ घेतले होते आणि त्यांना शिकवायला त्याला मास्तर हवे होते. तिसऱ्यांदा विचारायला येत होता. आणि बाबा तिसऱ्यांदा नाही म्हणणार होते, कायमचं.

थोरलीने टोपली टेबलावर ठेवली आणि ती आत गेली.

*

धाकटीला वाटलं, ताई रागावल्या. दोन वर्षांत तिला एवढं कळलं होतं की ताई रागावल्या की भांडी घासतात, मग ती स्वच्छ का असेनात. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. तिने खांदे उडवले आणि कामाला लागली.

सगळ्या फुलदाण्या कोमट पाण्याने धुऊन, जुन्या सुती कपड्याने पुसून झाल्या तेव्हा दहा वाजले होते. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बघत होते. बघत नाही असं दाखवत होते, पण वर्तमानपत्राचं पान अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

"बाबा, ही कधीची?"

"चिठ्ठी वाच की."

"चिठ्ठी पुसट झालीय."

बाबांनी हात पुढे केला. फुलदाणी उजेडात धरली, काठावरून अंगठा फिरवला, नखाने एक टिचकी मारली, कान दिला. "थोरला चौथीत होता तेव्हाची. तळ बघ, जरा जड ठेवलाय. त्या वर्षी सगळ्यांना जड तळ हवा होता. फॅशन." हे शेवटचं ते अशा सुरात म्हणाले की फॅशन म्हणजे एखादा आगाऊ शेजारी.

"मग हिच्यात काय ठेवू?"

"काही नको. काच बघायला येतात की फुलं?"

"आता झालं सुरू," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, जन्मभर कपडे शिवले, आणि ज्या घरात काही घडण्याची शक्यता असेल तिथे वेळेआधी पोचायची. "दादा, तुझ्या या हट्टापायी वहिनीला आयुष्यभर फुलं बादलीत ठेवावी लागली. बिचारी गेली, पण फुलदाणीत फूल काही बघायला मिळालं नाही तिला. काचवाल्याच्या घरी!"

"बादलीत जास्त टिकतात."

"हो ना, आणि नवरे खुर्चीत जास्त टिकतात. चांगली नऊ वर्षं टिकलास."

धाकटी हसू दाबत खिडकीकडे गेली. तिने पाच फुलदाण्या निवडल्या, एकही दुसरीच्या उंचीची नाही, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एका बाजूला दाटीने उभ्या केल्या. फूल नाही, पान नाही. नुसतं पाणी ओतलं. एकीत काठोकाठ, एकीत निम्मं, एकीत जेमतेम तळ बुडेल एवढंच. ऊन आत आलं आणि समोरच्या भिंतीवर पाच उजळ ठिपके थरथरायला लागले.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हं," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे पास.

मग तिला कोण आवरणार? मोठ्या तोंडाची एक फुलदाणी तिने आत्यासमोर ठेवली. "आत्या, तुमचा बटणांचा डबा द्या."

"माझी बटणं? शोभेला? अगं, त्यात चाळीस वर्षांची बटणं आहेत. लोकांचे कोट झिजले, लोक गेले, पण बटणं ठेवलीयत मी."

"म्हणूनच. डब्यात कुणाला दिसतात?"

आत्याने कुरकुर करत शिवणाच्या पिशवीतून डबा काढला, आणि मग ओतायचं कामही तिने स्वतःच केलं, रंग बघून बघून, पांढरी खाली, लाल वर, मध्ये शिंपल्याची. अर्धा तास गेला. कुणी मदतीला हात लावला की फटका.

बारीक तोंडाच्या उंच फुलदाणीत धाकटीने अंगणातली एक सुकी फांदी लावली आणि तळाशी धुतलेले बारीक खडे भरले, म्हणजे फांदी कलंडणार नाही. एका गोल फुलदाणीत पाणी भरून मोठं हिरवं पान आतच बुडवलं, आणि काचेने ते दुप्पट करून दाखवलं. एक रुंद फुलदाणी स्वयंपाकघरात ओट्यावर गेली, आणि तिच्यात लाकडी पळ्या आणि डाव उभे राहिले. थोरलीने त्यातला एक तिरका डाव सरळ केला, म्हणजे तिला आवडलं होतं. सगळ्यात लहान फुलदाण्या, बोटभर उंचीच्या, जिन्याच्या एकेका पायरीच्या कोपऱ्यात बसल्या, प्रत्येकीत एकेक गवताचं पातं. आणि नेच्याचं एक नाजूक रोप कुंडीत मरायला टेकलं होतं, त्याच्यावर तिने एक मोठी फुलदाणी चक्क उलटी घातली.

"उलटी?" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "फुलदाणी उलटी?"

"आत दमट राहतं बाबा. रोप जगेल. तासाभराने बघा."

तासाभराने आतून काचेला बारीक थेंब धरले होते. बाबा उठून जवळ गेले, वाकले, आणि खूप वेळ बघत राहिले. सव्वीस वर्षांपूर्वी फुंकलेल्या काचेत काहीतरी श्वास घेत होतं.

धाकटीला वाटलं, हीच वेळ. "बाबा, संध्याकाळी हो म्हणा ना. त्या पाच जणांना हे कोण शिकवणार?"

"ज्याचे हात धड आहेत तो."

"तुमचे हात धडच आहेत. सकाळपासून चोवीस फुलदाण्या हाताळल्यात, एक तरी निसटली?"

"हाताळणं वेगळं आणि फुंकणं वेगळं, बाळ." आवाज चढला नव्हता, उलट मऊ होता. "चाळीसच्या चाळीस तडकल्या. एखाद-दुसरी असती तर मी म्हटलं असतं, काच आहे. चाळीस म्हणजे माणूस संपला. ज्याचं स्वतःचं काम आठवडाभर टिकत नाही, त्याने पोरांपुढे फुंकणी धरून उभं राहायचं? लाज वाटेल मला. त्याला नकार देणार आहे मी, आणि पुन्हा येऊ नकोस असंही सांगणार आहे. तू नको वाईट वाटून घेऊ."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती पुन्हा शिडी चढली.

*

थोरला चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. आधी तो बाबांच्याच हाताखाली कारखान्यात होता; भट्टी सुटल्यावर त्याने हे काम धरलं होतं. कारखान्याच्या वाटेला तो नऊ वर्षांत फिरकला नव्हता. रविवारी दुकान अर्धा दिवस, पण आज दोन गिऱ्हाइकं चिकटून बसली आणि त्याला निघायला तीन वाजले. दार उघडून त्याने आत पाऊल टाकलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. घरभर काच. जिन्यात, कपाटावर, खिडकीत, जिकडे बघावं तिकडे.

छान दिसत होतं, हे त्याला आधी जाणवलं. आईच्या वेळी घर असं असायचं. आणि मग त्याची नजर एकेका फुलदाणीवरून पळायला लागली. उंच मान, खांद्याशी एकच वळसा, तळाशी जाड काच. तशी एक. माळ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, जुन्या घोंगडीत गुंडाळून त्याने स्वतः ठेवलेली. खेपेत एकूण एक्केचाळीस नग होते. एक्केचाळिसावा शिरस्त्याप्रमाणे घरी आला होता, पण त्याच्यात चिठ्ठी टाकायची हिंमत त्याला झाली नव्हती. कितीदा वाटलं होतं, नेऊन फोडून टाकावा. हात उठला नव्हता.

टेबलावर नव्हती. खिडकीत नव्हती. त्याने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघरातून आली. डाव्या हातात ती फुलदाणी, छातीशी धरलेली. उजव्या हातात वाफाळती किटली.

"भाऊजी, ही बघा! सगळ्यात देखणी सगळ्यात मागे होती. हिच्यात या कळ्या ठेवते. जरा ऊन पाणी घातलं की तासात उमलतात, आमच्या शोकेसमध्ये आम्ही असंच..."

"थांब!" तो ओरडला. "पाणी घालू नकोस! ठेव ती खाली! दोन्ही हातांनी ठेव!"

धाकटी जागीच थिजली. आत्याची सुई हवेत राहिली. या घरात थोरला कधी ओरडत नसे, लग्नात बँडवाला चुकला तेव्हासुद्धा ओरडला नव्हता.

त्याने किटली तिच्या हातातून काढून घेतली, मग फुलदाणी घेतली आणि टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर टेकवली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"तडकली असती. तिच्या हातात."

"ऊन पाण्याने?"

"ही..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "ही त्या खेपेतली आहे. शेवटच्या."

आतलं भांड्यांचं वाजणं बंद झालं.

"त्या खेपेतला नग घरी आला होता?"

"मी आणला होता."

बाबा खुर्चीतून उठून टेबलापाशी आले, पण त्यांनी फुलदाणीला हात लावला नाही. "बरं केलंस ओरडलास," ते म्हणाले. "पोरीचा हात कापला असता. माझ्या नासक्या हाताची काच, तिचा काय भरवसा. बाजूला ठेव तिला, आणि उद्या नीट कागदात गुंडाळून टाकून दे."

आणि ते पुन्हा खुर्चीकडे वळले.

म्हणजे सुटला होता तो. बाबांनीच सोडवलं होतं, नकळत. आता नुसतं 'बरं' म्हणायचं आणि फुलदाणी उचलायची. चार वाजता पॅकर येईल, बाबा नाही म्हणतील, तो पुन्हा येणार नाही, आणि ही गोष्ट कायमची मिटेल. थोरल्याने फुलदाणीकडे हात नेलासुद्धा.

आत्या त्याच्याकडे टक लावून बघत होती. "काय रे, असा पांढरा का पडलास? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काही आहे का?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. त्याची बायको तिथे उभी होती, हात पदराला पुसत. आठ वर्षं तिने त्याला हेच सांगितलं होतं, झाकली मूठ राहू दे. तिने एकदा बाबांच्या पाठीकडे बघितलं, एकदा त्या रोपावरच्या थेंबांकडे.

"सांगा," ती म्हणाली. "पुरे झालं आता. सांगून टाका."

*

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. उभ्यानेच ऐकलं.

फुंकून झालेली काच दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश गार करायची असते, बारा तास, एक मिनिट कमी नाही. हे बाबांनी थोरल्याला तो विजार घालायला शिकला त्याच सुमारास शिकवलं होतं. गार व्हायला वेळ दिला नाही तर काच वरून धडधाकट दिसते आणि आतून ताणलेली राहते. ते काम थोरल्याकडे होतं. त्या खेपेला त्याने हॉटेलच्या गाडीला चुकून सकाळी सातची वेळ दिली होती, आणि गाडी आली तेव्हा काचेला आत जाऊन सहाच तास झाले होते.

"गाडीवाला हसला असता," थोरला म्हणाला. "मास्तरांचा मुलगा आणि घड्याळ कळत नाही. परत पाठवायची लाज वाटली मला. मी दार उघडलं, पंख्याखाली गार केल्या आणि भरून दिल्या. भट्टीजवळच्या नोंदीच्या पाटीवर बारा तास लिहिले. काय होतंय, असं वाटलं. आणि मग तुम्ही म्हणालात हात गेला. मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग तिसऱ्या. मग..."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी कशाकशाचा विचार केला नव्हता? वाळू बघितली होती, भट्टीची आच बघितली होती, स्वतःचा श्वास, स्वतःचे डोळे, स्वतःची बोटं. एक गोष्ट बघितली नव्हती. गार करायची भट्टी मुलाकडे होती, म्हणून तिकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "खोटं बोलतोस."

"बाबा!"

"चार वाजता तो येणार म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलंय. हिने सकाळपासून घर सजवलं, तू हे नाटक केलंस. बाप खुश व्हावा म्हणून पोटचा पोर आळ स्वतःवर घेतोय, एवढं कळतं मला. चांगला आहेस तू. पण मला कीव नको."

थोरला हसला की रडला ते धाकटीला कळलं नाही. त्याने दुकानाची पिशवी उघडली आणि दोन गडद गोल काचा काढल्या. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या चष्म्यांच्या होत्या त्या, अजून चौकटीत न बसवलेल्या.

"या दोन एकमेकींवर आडव्या-उभ्या धरल्या की उजेड अडतो. बघा. काळं." त्याने खिडकीकडे धरून दाखवलं. "आता मध्ये काच धरू. ही चौथीतली." जड तळाची ती जुनी फुलदाणी त्याने एका गडद काचेपुढे धरली, दुसरी काच बाबांच्या डोळ्याशी नेली. "काय दिसतं?"

"काळं. काही नाही."

"कारण ती नीट गार झालीय. तिच्यात ताण नाही." मग त्याने टॉवेलवरची फुलदाणी उचलली. दोन्ही हातांनी, नुकतंच जन्मलेलं मूल उचलावं तशी. "ए, मागची काच तू धर." धाकटीने धरली. "आता बघा."

बाबांनी डोळा लावला. सरळ, बिनरंगी काच, नुसत्या डोळ्यांना तिच्यात काही नव्हतं. आणि आता तिच्या तळात रंग होते. पिवळा, निळा, जांभळट, ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात तसे पट्टे, तळापासून खांद्यापर्यंत चढलेले.

"हा सगळा ताण आहे," थोरला म्हणाला. "दुकानात लागल्यावर दुसऱ्या महिन्यात मला हे कळलं. त्या दिवशी मी माळ्यावर जाऊन हिला बघून आलो. मला खात्री नव्हती असं म्हणायलासुद्धा जागा उरली नाही बाबा."

बाबांनी गडद काच खाली ठेवली. त्यांनी फुलदाणी आता पहिल्यांदा हातात घेतली. एक बोट आत घातलं, अंगठा बाहेर, आणि काठापासून खाली, गोल, परत वर, पोचेल तितकं चाचपडत गेले. डोळे मिटलेले.

"भिंत सारखी आहे," ते म्हणाले. "सगळीकडे सारखी."

मग ते खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "नऊ वर्षं तू रोज माझ्यासमोर बसून जेवलास. जेवण जात होतं?"

"नाही," थोरला म्हणाला.

थोरली पुढे झाली. "बाबा, मलाही माहीत होतं. मीच त्यांना गप्प राहा म्हटलं. घर मोडायला नको म्हणून. बोलायचं तर मलाही बोला."

आत्याने शिवण पिशवीत कोंबलं, थोरलीला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सकाळी असं कुणी सांगितलं असतं तर थोरलीचा विश्वास बसला नसता. आत्याचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं, दोघींनी एका सोफ्यावर बसणं हीच मोठी गोष्ट होती.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. चारला पाच कमी होते. पॅकर आयुष्यभर वेळेआधी यायचा.

*

पॅकरने चपला काढल्या आणि तो दारातच खुळ्यासारखा हसत उभा राहिला. "अरे वा वा वा! मास्तर, हे काय! ही तर मी पेंढ्यात भरलेली. आणि ही! हिची मान मोडेल म्हणून तुम्ही मला दोनदा पेंढा बदलायला लावला होता. आणि ही उलटी का हो?" तो लहान मुलासारखा सगळीकडे फिरला, बटणांच्या फुलदाणीपुढे थांबून आत्याला नमस्कार केला, आणि शेवटी बाबांसमोर बसला. थोरलीने चहा आणून ठेवला.

"मास्तर, मी फिरवून बोलत नाही. हे तिसरं विचारणं. पाच पोरं आहेत, त्यांतली एक मुलगी तर अशी फुंकते की तुम्ही बघाच. पण त्यांना मी काय शिकवणार, पेंढा कसा भरायचा ते? येणार का?"

बाबांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "माझे हात ठीक आहेत," ते म्हणाले.

पॅकर गोंधळला. "मी कधी नाही म्हटलं? तुम्हीच म्हणत होता."

"हो. मीच म्हणत होतो."

"मग ती हॉटेलची खेप? इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नाही, पण काय झालं होतं नक्की?"

आत्याने लगेच घसा खाकरला. "अहो, ती हॉटेलवाल्यांची पोरं, धसमुसळी मेली, काहीतरी केलं असेल..." घरातलं घरात ठेवायची तिची जन्माची सवय. धाकटीनेही मान डोलवली. थोरलीने पुढच्या कपात साखर घातली, मग पुन्हा घातली. बाबांनी तोंड उघडलं नाही. ते सांगणार नव्हते, हे सगळ्यांना कळलं. मुलगा होता तो त्यांचा.

"मी काच वेळेआधी बाहेर काढली होती," थोरला म्हणाला. तो जिन्यापाशी उभा होता. "सहा तासांनी. आणि पाटीवर बारा लिहिले. मास्तरांच्या कामात काही चूक नव्हती. तिथे सगळ्यांना सांगा. मी स्वतः येऊन सांगेन हवं तर."

पॅकरने कप खाली ठेवला. त्याने आधी थोरल्याकडे, मग बाबांकडे बघितलं. "आणि हे तुम्हाला कधी कळलं, मास्तर?"

"आत्ता. तू यायच्या जरासं आधी."

बाबा मुलाकडे वळले. रागावलेले नव्हते ते, आणि तेच बघवत नव्हतं.

"हे तू मला तेव्हाच सांगितलं असतंस ना," ते म्हणाले, "तर मी तुझ्या एक थोबाडीत दिली असती आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो असतो. दोघंही गेलो असतो. एवढंच झालं असतं रे. एवढंच."

थोरला जिन्याच्या पायरीवर खाली बसला आणि त्याने तोंड हातांत झाकून घेतलं. नऊ वर्षांत तो पहिल्यांदा सगळ्यांदेखत रडला, आणि कुणी त्याला उगी म्हटलं नाही.

बाबांनी पॅकरला विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"